थांबणारं भात, धावणारं भात



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या सरांच्या हाताखाली मी तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकलो. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला: वाफसा. आम्ही बहुतेक सगळी शेतकऱ्यांची मुलं. शब्द लहानपणापासून कानावरचा. पाऊस उघडला की घरातलं मोठं माणूस रानात जाऊन मूठभर माती उचलायचं, दाबून बघायचं आणि म्हणायचं, अजून वाफसा नाही. सरांनी विचारलं, वाफसा म्हणजे काय? कुणी म्हणालं ओल, कुणी म्हणालं पेरणीजोगं रान. सर म्हणाले, ओल तर चिखलातही असते. मातीत पाणी आणि हवा दोन्ही असतात त्या अवस्थेला वाफसा म्हणायचं. मुळं श्वास घेतात हे तुमच्या आजोबांना ठाऊक आहे, तुम्ही ते आता पुस्तकात वाचणार.

आज मला बोलायचं आहे ते वाफसा पुरता मोडतो तेव्हा झाड काय करतं यावर.

ऑगस्ट २०१९च्या महापुरानंतर मी कृष्णा आणि पंचगंगेच्या काठची काही गावं फिरलो. भिंतींवर पाण्याची रेघ उमटली होती आणि लोकांनी तिच्याशेजारी विटेच्या तुकड्यानं, रंगानं, जे हाती लागेल त्यानं साल लिहून ठेवलं होतं. काही घरांवर २००५ची रेघही होती. दोन वर्षांनी, २०२१च्या जुलैत, आणखी एक आली. पाणी कुठवर चढलं याची नोंद आपण फार प्रामाणिकपणे ठेवतो. पण त्या रेघांकडे बघताना मला सारखं वाटत होतं, की रानातल्या पिकाला विचारलं असतं तर त्यानं उंचीच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगितली असती. ती कोणती, हे सांगायला मला आधी मुळापाशी जावं लागेल.

पुराचं पाणी पिकाला मारतं असं आपण म्हणतो. खरं तर हवा तुटल्यानं पीक मरतं. एक लिटर हवेत साधारण २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, आपल्याकडच्या पावसाळी तापमानाला, जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. त्याहून मोठी अडचण वेगाची आहे. प्राणवायू हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यात सरकतो. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्यानं भरल्या की वरच्या हवेतून मुळापर्यंत काही पोचतच नाही. आत जो साठा असतो त्यावर मुळं एकटी जगत नाहीत. मातीतले असंख्य जीवाणू त्याच साठ्यावर असतात, आणि पावसाळ्यातल्या उबदार मातीत एखाद्या दिवसात तो संपतो.

मग जीवाणू दुसऱ्या गोष्टींवर भागवतात. आधी नायट्रेट वापरतात, म्हणजे आपण टाकलेल्या खतातलं नत्र वायू होऊन उडून जातं; पूर ओसरल्यावर पीक पिवळं पडतं त्याचं एक कारण हे. मग मँगनीज, मग लोह, मग गंधक. खाजणात किंवा चिबड रानात पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाच्या पायरीवर पोचलेल्या मातीचा. शेवटी मिथेन. माती पायरीपायरीनं मुळांना परकी होत जाते.

इथे एक गोष्ट घडते जी पाहिलेल्या माणसाला विसरता येत नाही. गुडघाभर पाण्यात उभं झाड कोमेजतं. टोमॅटो, मिरची, तूर, कपाशी, कुणाचंही बघा. मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशी उभळली असं म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याला आकस्मिक मर म्हणतात. मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस येऊन रानात पाणी साचलं की हिरवीगार कपाशी एक-दोन दिवसांत मान टाकते. रोग नाही, कीड नाही. पाण्यात उभी राहून ती तहानेनं व्याकूळ झालेली असते.

याचं कारण २००३मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी उलगडलं. मुळाच्या पेशींच्या पडद्यात प्रथिनांची अतिशय बारीक दारं असतात आणि पाणी त्यांतून आत येतं. प्राणवायू तुटला की पेशीतला रस आम्लधर्मी होतो, आणि ती आम्लता या दारांना आतून कडी लावते. बाहेर पाण्याचा समुद्र, आत दार बंद. वर पानांतून मात्र पाणी उडतच असतं.

टोमॅटोचं आणखी एक सांगतो, कारण झाडाच्या आत निरोप कसे जातात हे त्यात फार स्पष्ट दिसतं. पाणी साचलं की टोमॅटोची पानं देठापाशी खाली वाकतात. पाणी मुळाशी, वाकतं पान. १९८०च्या सुमाराला कळलं की बुडालेलं मूळ इथिलीन नावाचा वायू तयार करू लागतं, पण त्याची शेवटची पायरी प्राणवायूशिवाय पुरी होत नाही. अर्धा तयार झालेला तो पदार्थ रसाबरोबर वर पानाकडे चढतो. पानाला हवा आहे, तिथे ती पायरी पुरी होते, इथिलीन बाहेर पडतो आणि पान वाकतं. त्यानं उन्हाचा मार कमी होतो, पाण्याची उधळण कमी होते. मुळाचं संकट पानाला असं समजतं.

आता पेशीच्या आत काय होतं ते पाहू. पेशीचं चलन म्हणजे एटीपी. ग्लुकोजचा एक कण प्राणवायूच्या मदतीनं पुरता जाळला तर सुमारे तीस एटीपी मिळतात. प्राणवायू नसेल तर पेशी तोच कण अर्धवट आंबवते आणि मिळतात फक्त दोन. बाकीची शक्ती मद्यार्काच्या रूपानं पाण्यात वाहून जाते. महिन्याला तीस हजार मिळवणाऱ्या घराची मिळकत एका रात्रीत दोन हजारांवर आली आणि भाडं, दूध, औषध सगळं तसंच राहिलं, तर त्या घरापुढे दोनच वाटा राहतात. एक, होतं ते सगळं पणाला लावून या खोलीतून बाहेर पडायचं. दुसरी, खर्च तोडायचा, दिवे मालवायचे, साठवणीतलं पुरवून पुरवून खायचं आणि वाट बघायची. बुडालेल्या पिकासमोर याच दोन वाटा असतात, आणि भातानं दोन्ही चालून दाखवल्या आहेत.

दोन्ही वाटांची सुरुवात इथिलीनपासून होते. हा वायू तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. आंब्याची अढी लावतो तेव्हा आपण काय करतो? कच्च्या आंब्यातून सुटणारा इथिलीन पेंढ्यात कोंडून ठेवतो. उघड्यावरचा आंबा सावकाश पिकतो, अढीतला लवकर, कारण वायू निसटत नाही. बुडालेलं झाड ही एक अढीच असते. एरवी पानांतून आणि खोडातून इथिलीन हवेत निघून जातो. भोवती पाणी आलं की, मघाशी सांगितलेल्या त्याच संथपणामुळे, तो आतच कोंडला जातो. तासाभरात त्याचं प्रमाण वाढतं. प्राणवायू अजून पुरता संपलेलाही नसतो, तेवढ्यात झाडाला उमगतं की आपण बुडालो. मला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटतं. पाणी ओळखायला झाडानं वेगळं इंद्रिय घडवलं नाही. स्वतःचाच वायू अडला, एवढ्यावरून त्यानं बाहेरची परिस्थिती ओळखली.

आसाम, बांगलादेश आणि थायलंडच्या मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांत पावसाळ्यात पाणी येतं ते महिनोन्महिने राहतं आणि काही मीटरपर्यंत चढतं. तिथे जे भात शतकानुशतकं पेरलं गेलं ते पाण्याबरोबर वाढतं. दिवसाला २० ते २५ सेंटिमीटर वाढल्याच्या नोंदी आहेत. सकाळी पाण्याच्या पातळीवर असलेला शेंडा, पातळी वीतभर चढली तरी संध्याकाळी पाण्याबाहेरच. पेरं पोकळ, त्यातून हवा खाली मुळापर्यंत. कापणी कित्येकदा होडीतून. हे धावणारं भात. २००९मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या मोतोयुकी आशिकारी यांच्या गटानं या धावेमागची दोन जनुकं शोधली आणि त्यांना नाव दिलं स्नॉर्कल, म्हणजे पाणबुड्याची श्वासनळी. इथिलीन कोंडला की ही जनुकं जागी होतात आणि जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकामार्फत पेरं ताणू लागतात.

त्याच क्षेत्रातला २०१८मधला एक शोध वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना साठच्या दशकातलं ताईचुंग भात आठवत असेल, आयआर ८ आठवत असेल. ठेंगणं, खताला न लोळणारं. हरितक्रांतीतलं भात ठेंगणं झालं ते एका जनुकाच्या बिघाडामुळे. एसडी १ असं त्याचं नाव. ते जिबरेलिन घडवायला मदत करतं. ते मोडलं की झाड बुटकं राहतं आणि सगळा जोर लोंबीत जातो. नागोयातल्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांना दिसलं, की खोल पाण्यातलं भात ज्या जोरावर धावतं त्यात हेच एसडी १ आहे. बांगलादेशातल्या शेतकऱ्यांनी जनुकाचं एक रूप निवडलं, त्यानं भात पाण्यावर चढवलं. आपण त्याच जनुकाचं मोडकं रूप निवडलं, त्यानं आपली कोठारं भरली. पण आपलं भात बुटकं झालं तेव्हा धावून सुटायची वाट आपण आपल्या हातानं बंद केली. कोठारं रिकामी होती त्या काळात दुसरा निर्णय कुणी घेतला असता असं मला वाटत नाही. तरी काय देऊन काय घेतलं ते आपल्याला ठाऊक हवं.

आता थांबणारं भात. त्याची कथा ओडिशात सुरू होते. तिथल्या महानदीच्या आणि तिच्यासारख्या नद्यांच्या पुराचा स्वभाव वेगळा. पाणी झपाट्यानं येतं, पीक पुरतं झाकतं, आठवडा-दीड आठवडा राहतं आणि उतरतं. अशा पुरात धावणारं भात फसतं. ते साठवलेली साखर खर्चून वर यायला बघतं. पाणी उतरतं तेव्हा लांब, लुळं, रिकामं झालेलं रोप चिखलात आडवं होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी धळपुटिया नावाचं एक देशी वाण जपलं होतं. उत्पादन बेताचं, भात जाडसर, पण बुडून गेलं तरी पाणी उतरल्यावर पुन्हा फुटणारं. हरितक्रांतीच्या कितीतरी आधी त्यातून निवड करून एक शुद्ध वाण काढलं गेलं, त्याचं नाव एफआर १३ ए. एफआर म्हणजे पूर सोसणारं. सत्तरच्या दशकात फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं जगभरची हजारो वाणं पाण्यात बुडवून पाहिली, तेव्हा जी मोजकी तगली त्यांत हे अग्रभागी होतं.

पुढची वीसेक वर्षं त्याच्याशी संकर होत राहिले आणि फारसं हाती लागलं नाही; सोसण्याबरोबर एफआर १३ एचे इतर दोषही वाणात यायचे. १९९६मध्ये केनोंग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी दाखवलं की या गुणाचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागी आहे. ती जागा म्हणजे सब १. २००६मध्ये पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि मॅकिल यांच्या गटांनी त्यातलं नेमकं जनुक ओळखलं, सब १ ए. आणि इथे कथा फार सुंदर होते. सब १ ए आणि स्नॉर्कल एकाच घराण्यातली जनुकं आहेत. दोघांनाही जागं करतो तो कोंडलेला इथिलीनच. एक म्हणतं धाव, दुसरं म्हणतं थांब. सब १ ए जिबरेलिनचं म्हणणं पेशीला ऐकूच देत नाही. वाढ थांबते, साखर आणि पिष्ट जपून वापरलं जातं, पानातलं हरितद्रव्य लवकर मोडत नाही. रोप पाण्याखाली निमूट बसून राहतं आणि दोन आठवड्यांपर्यंत तग धरतं.

स्वर्णा हे वाण आंध्रातल्या मारुतेरूचं. ओडिशापासून आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्यांपर्यंत लाखो शेतकऱ्यांचं ते लाडकं. स्वर्णात फक्त ही सब १ची जागा आणायची, बाकी स्वर्णा जसंच्या तसं ठेवायचं, असं ठरलं. दर पिढीत रोपाच्या जनुकांतली खूण तपासून नेमकी रोपं निवडायची आणि पुन्हा स्वर्णाशीच संकर करायचा. बाहेरच्या कुठल्या जीवाचं जनुक यात घातलेलं नाही. भाताचंच जनुक भातात आलं. २००९मध्ये स्वर्णा-सब १ भारतात प्रसारित झालं.

त्याची ओडिशात १२८ गावांमध्ये झालेली चाचणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. दहा दिवस बुडालेल्या शेतात स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त उत्पादन. पूर न आलेल्या शेतात काहीही तोटा नाही. पण त्या अभ्यासातली एक दुसरी गोष्ट मला त्या आकड्याहून मोठी वाटते. पुरात बुडणारी सखल रानं दलित शेतकऱ्यांच्या वाट्याला जास्त आलेली होती. उंचावरची जमीन कुणाची आणि ओढ्याकाठची कुणाची हे कुठल्याही गावात आपोआप ठरलेलं नसतं. ज्या वाणाचा फायदा बुडणाऱ्या जमिनीलाच होतो, त्याचा फायदा कुणाला पोचला हे त्यामुळे उघड आहे. बियाण्यावर संशोधन करणाऱ्यानं जमिनीचा उतार आणि गावाची उतरंड एकत्र बघायला हवी, असं मला तो अभ्यास वाचल्यापासून मनापासून वाटतं.

आता सब १ ए कुठे हरतं तेही सांगायला हवं. पाणी महिनाभर गुडघा-मांडीएवढं साचून राहिलं तर हे भात तोट्यात येतं. त्याला वाढून डोकं बाहेर काढायला हवं असतं आणि त्याचा स्वभाव थांबण्याचा. उलट धावणारं भात आठ दिवसांच्या झाकणाऱ्या पुरात स्वतःला खर्चून बसतं. कुठलं भात शहाणं, या प्रश्नाला पाण्याचे दिवस मोजल्याशिवाय उत्तर नाही. भिंतीवरच्या रेघेजवळ उभं राहून मला जे सारखं वाटत होतं ते हेच.

प्राणवायू खरोखर संपत आला हे पेशीला कसं कळतं, याचा उलगडा २०११मध्ये झाला, एकाच वेळी दोन गटांकडून. पेशी एक प्रथिन सतत घडवत असते. त्याच्या सुरुवातीलाच सिस्टीन नावाचा एक मणी असतो. हवेतला प्राणवायू त्या मण्यावर बसला की ते प्रथिन मोडीत निघतं. रोज एक पत्र लिहायचं आणि रोज फाडायचं, असं हे काम. ज्या दिवशी फाडायला प्राणवायूच उरत नाही त्या दिवशी पत्र पोचतं, आणि आंबवण्याची, साखर मोडण्याची यंत्रणा चालू होते. रोज पत्र लिहिण्याचा खर्च झाड सोसतं, कारण संकटाच्या वेळी नव्यानं लिहायला शक्ती उरलेली नसते. माणसाच्या पेशींतली अशीच पण वेगळ्या घडणीची व्यवस्था शोधणाऱ्या तिघांना २०१९चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. वनस्पतींतलं काम त्याच तोडीचं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठानं २०१९मध्ये त्यात भर घातली: इथिलीन कोंडला की तो पेशीतला नायट्रिक ऑक्साइड कमी करतो आणि ही पत्रं आधीच जपून ठेवली जातात. प्राणवायू संपायच्या आत तयारी झालेली असते.

हवा आणायच्या मार्गांबद्दल मी थोडक्यात बोलतो. सर असते तर त्यांनी यावरच दीड तास घेतला असता. बाजारातली कमळकाकडी कापली की दिसणारी भोकं म्हणजे हवेचे बोगदे. भाताच्या मुळात तसेच बारीक बोगदे असतात. मक्याच्या मुळात ते एरवी फारसे नसतात, पण इथिलीन साचला की मधल्या काही पेशी मरून जागा करून देतात. भाताच्या मुळाला लांबीभर बाहेरून मेणचट कवच असतं, म्हणजे हवा वाटेत गळत नाही, टोकापर्यंत जाते. जिथे थोडी गळते तिथे मातीतलं लोह गंजून मुळावर बसतं. भाताचं रोप उपटल्यावर जुनी मुळं तांबूस दिसतात ती यामुळे. पाण्यातल्या पिवळ्या कुमुदिनीत तर चक्क वारा वाहतो. अमेरिकेत जॉन डेसी यांनी १९८०मध्ये मोजलं: कोवळ्या पानातून हवा आत शिरते, देठातून खाली गाळातल्या कंदाकडे जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत. आपल्या खाड्यांतलं तिवर चिखलातून वर काढलेल्या मुळ्यांनी भरती-ओहोटीच्या तालावर श्वास घेतं; भरतीत आतला प्राणवायू खर्च होतो, ओहोटी लागली की बाहेरची हवा आत ओढली जाते.

एक प्रयोग मात्र तुम्ही घरी करा. अळवावरचं पाणी हे आपण क्षणभंगुरतेसाठी म्हणतो. अळूचं पान पाण्याच्या बादलीत बुडवा आणि तिरकं करून बघा. पान चांदीसारखं चमकेल. ती पानाला चिकटलेली हवेची पातळ चादर. भाताच्या पानालाही अशीच चादर असते. पूर्ण बुडालेलं पान तिच्यामार्फत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू घेऊ शकतं, आणि पाण्यातून ऊन पोचत असेल तर स्वतःचं अन्नही थोडं बनवतं. बुडून काही दिवस गेले की चादर विरते. पाणी गढूळ असेल तर ऊनही पोचत नाही. नितळ पाण्यात आठ दिवस आणि लालभडक गाळाच्या पाण्यात आठ दिवस यांत म्हणूनच फार अंतर आहे, आणि आपल्याकडचं पुराचं पाणी कसलं असतं हे तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे पुरात सर्वांत जास्त बुडतो तो ऊस. ऊस चिवट आहे. शेंडा पाण्याबाहेर असेल तर कांड्यांवर मुळ्या फुटतात आणि तो निभावून नेतो. पाणी शेंड्यावरून गेलं आणि पोंग्यात गाळ बसला की वाढणारा कोंब कुजतो. मग खालचे डोळे फुटतात, आपण म्हणतो उसाला पांगशा फुटल्या. त्या नव्या फुटीला साखर लागते ती उभ्या उसातूनच जाते, म्हणून पूरबुडीत उसाचा उतारा घटतो. शेंडा उघडा राहिला की झाकला, आणि झाकला तर किती दिवस, यावर त्या रानाचं वर्ष ठरतं.

आणि पूर ओसरला म्हणजे संकट संपलं असं नाही. मी पाहिलेल्या गावांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं: पाण्यात हिरवं दिसत होतं, उन्हात गेलं. त्यात तथ्य आहे. अंधाऱ्या, हवा तुटलेल्या जागेतून रोप एकदम लख्ख उन्हात आणि भरपूर प्राणवायूत येतं. तो प्राणवायू आता दुखावलेल्या पेशीत विषारी रूपं धरतो. मुळं अर्धी मेलेली, त्यामुळे पानांना पाणी पुरत नाही. २०११मध्ये बेली-सेरेस यांच्या गटाला दिसलं की सब १ ए या दुसऱ्या टप्प्यातही मदत करतं. पूर सोसणारं भात पूर ओसरल्यानंतरचं वाळणंही सोसतं. आपल्या वाणांच्या चाचण्यांत पाण्याखालचे दिवस आणि त्यानंतरचे उन्हाचे दिवस, दोन्ही यायला हवेत.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातही पुराचे स्वभाव एक नाहीत. घाटाकडच्या ओढ्यांना पाणी दोन दिवसांत येतं आणि जातं. शिरोळकडे कृष्णा तुंबली की आठवडाभर हलत नाही. एकाच तालुक्यात वरच्या आणि खालच्या रानाला वेगळं वाण लागेल. ते ठरवायला लागणारी नोंद कुठल्याही कचेरीत नाही. नदीची पातळी तिथे आहे, तुमच्या रानातल्या पिकाच्या शेंड्यावर पाणी किती दिवस होतं हे नाही. ते तुम्हीच लिहू शकता.

पन्हाळा तालुक्यात कासारीच्या काठी एका घरात मी ती नोंद पाहिली. घरच्या बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, खालच्या रानातलं भात झाकलेलं होतं त्या प्रत्येक दिवशी फुली मारली होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये नऊ फुल्या. त्या वर्षी ते भात गेलं. २०२१च्या जुलैच्या पानावर पाच. मी गेलो तेव्हा पाणी उतरून दोन आठवडे झाले होते. बाई मला बांधावर घेऊन गेल्या आणि एक रोप उपटून त्यांनी माझ्या हातात दिलं. जुनी मुळं तांबूस, काही काळी पडलेली. त्यांच्या वर, खोडाच्या बुडाशी, बोटाएवढी पांढरी मुळं फुटली होती.